नऊच्या जागी आठ

दिग्रस, १२ नोव्हेंबर २००७

श्री. अनंतराव यांस,

शेख कय्युम फिटरचा सलाम. दिवाळी नीट झाली असेल.

पत्ता गौरीताईंकडून घेतला. सहजी मिळाला नाही. यवतमाळला तुमच्या घरी गेलो, दोन कप चहा प्यालो, वडिलांच्या गुडघ्याची चौकशी केली, फाटकाची बिजागरी करकरत होती तिला तेल घालून बसवून दिलं, तेव्हा कुठे तुमच्या बहिणीने वहीच्या कागदावर नाशिकचा पत्ता लिहिला. म्हणजे हा पत्ता कमाईचा आहे. त्या फोन नंबरही देत होत्या, मी घेतला नाही. फोन माणूस आवाज ओळखून ठेवून देतो. पत्र फेकायचं म्हटलं तरी आधी उघडून पाहावंसं वाटतंच.

काम असं आहे. तुम्ही गेल्यावर आपला कॉम्प्युटर खोलीतून उचलून मी घरी आणला. आयशाबीने त्यावर विणकामाचा रुमाल टाकला आणि वर पाणी प्यायचा जग ठेवला. दोन वर्षं तसाच होता. आता दारव्हा रोडवर कापसातून सरकी काढायची एक नवी जिनिंग उभी राहते आहे. पुढच्या हंगामात तिच्या आवारातही कापसाच्या गाड्यांची रांग लागणार. मालक म्हणतो, रांगेत भांडणं नकोत, तुमचं ते टोकनाचं यंत्र लावून द्या. मी हो म्हणून बसलो.

मग कॉम्प्युटरचा डबा उघडला. आतून एक वात वळता येईल एवढी रुई निघाली. ब्रशने साफ केला, बटन दाबलं, आणि खरं सांगतो, सुरू झाला. तुमचा तो कोड लिहायचा काळा एडिटर उघडला. आठ नंबरची कळ दाबली, तुम्ही शिकवल्याप्रमाणे, हात न उचलता. सगळ्या टेस्ट, म्हणजे तुमच्या तपासण्या, चालल्या. बेचाळीस.

त्रेचाळिसावी फायलीतच आहे. तिच्या प्रत्येक ओळीपुढे तुम्ही खूण लावून ठेवली आहे, म्हणजे मशीन ती ओलांडून पुढे जाते. त्या खुणा मी काढू का? की तुम्ही सांगाल तेव्हा? दुसऱ्याने बाजूला ठेवलेला पाना न विचारता उचलू नये, एवढं कळतं.

त्या सोमवारचं जे झालं ते झालं. बिजली गेली होती, नशीबही खराब होतं. मी तर सकाळी तिथे नव्हतोच.

खुणांचं तेवढं कळवावे.

आपला,
शेख कय्युम


दिग्रस, २० जानेवारी २००८

अनंता,

दोन महिने झाले. पोस्टमन देवसिंगला रोज विचारतो. काल तो चिडला. म्हणाला, “कय्युमभाई, तुमचं पत्र आलं असतं तर म्या काय भाजीत टाकून खाल्लं असतं काय?”

मागच्या पत्रात मी तुला अहो-जाहो केलं. लिहिताना दुसऱ्याचा सदरा घातल्यासारखं वाटत होतं, बगलेत काचत होता. आज काढून ठेवला.

आज रविवार आहे, थंडी आहे, गावात आवाज नाही. तुला आठवत असेल, आपली ओळख झाली ती याच आवाजामुळे. तालुक्यातल्या जिनिंग एकेक करून थांबत होत्या. पूर्वी डिसेंबरात डोळे मिटून मी सांगायचो, हा आवाज कोणाच्या जिनिंगचा आणि त्यातल्या कोणत्या रोलरचं चामडं झिजलं आहे. त्या वर्षी ऐकायलाच काही उरलं नाही. दिल्लीहून पेपरवाले यायचे, शेताचे फोटो काढायचे, जायचे. मशीनवाल्याचा फोटो कोण काढतो? मी एक्केचाळीस वर्षांचा, सातवी पास, तुझ्या कॉम्प्युटर क्लासच्या दारात येऊन उभा राहिलो.

तू म्हणालास, “काका, कोणाला पोहोचवायला आलात?”

मी म्हटलं, “मलेच.”

आठवी-नववीची पोरं हसली. तूही हसलास, पण खुर्ची तू ओढून दिलीस. शिकवत होतास ते मला काही समजत नव्हतं, म्हणून मी डबे ऐकत बसलो. संध्याकाळी तुला सांगितलं, “हा तिसरा डबा मरते.” तू म्हणालास, “कॉम्प्युटर असे आवाजावरून कळत नाहीत, काका.” बुधवारी मेला. गुरुवारी तू मला चहा पाजलास आणि तिथून पुढे मी कय्युमभाई झालो.

मग ती खोली. बंद पडलेल्या जिनिंगच्या इंजिनघरावरची. एक खिडकी, एक टेबल, दोन खुर्च्या, आणि कोपऱ्यात कापसाच्या गठाणी बांधायच्या पट्ट्यांचं वेटोळं, त्यावर तू वह्या ठेवायचास. कापूस खरेदी केंद्रावर गाड्यांच्या रांगेत हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्यांवरून मारामाऱ्या व्हायच्या. मी बाजारात ऐकलं, वामनरावांना त्या चिठ्ठ्यांचा कंटाळा आला आहे. वामनराव म्हणजे केंद्रावरचे बाबू, भोंग्यावरून नंबर पुकारणारे. मी त्यांना म्हटलं, आम्ही मशीन लावून देतो. आल्या गाडीला नंबर, मशीनच नंबर काढील, मशीनच सांगील कोणाची पाळी. तोवर मला मशीनमध्ये ‘अ’ टाइप करायलाही चष्मा शोधावा लागत होता.

तू रागावला नाहीस. बसलास आणि पहिल्या दिवशी टोकनाची एक ओळही लिहिली नाहीस. टेस्ट लिहिलीस. मी विचारलं, “मशीन बनलं नाही, तपासणी कायची करून राह्यला?” तू म्हणालास, “आधी लिहून ठेवायचं की मशीनने काय केलं म्हणजे ते बरोबर. मग मशीन बनवायचं. मग एक ओळ बदलली की लगेच सगळ्या तपासण्या चालवायच्या. सगळ्या, एकही न सोडता. मग दुसरी ओळ.”

मी म्हटलं, हे तर आमचं आहे. जिनवर सुरी बसवली, रोलरचं अंतर लावलं, की पट्टा चढवण्याआधी पुली हाताने एक फेरा फिरवायची. कान जवळ न्यायचा. कुठे घासत नाही ना, ऐकायचं. मग बटन. आमच्या उस्तादाला कोणी हात न फिरवता बटन दाबताना दिसला तर तो बोटांवर पाना मारायचा.

तू खुर्ची माझ्याकडे वळवलीस. मग म्हणालास, “चार वर्षं कॉलेजात मला हे इतकं नीट कोणी सांगितलं नाही.” ते वाक्य मी आजवर कोणाला सांगितलं नाही. आयशाबीला सुद्धा नाही. तिला सांगितलं तर ती दुकानदाराला सांगेल.

पण आपलं मशीन म्हातारं. एडिटर बंद करून दुसरी खिडकी उघडायची म्हटलं की अर्धा कप चहा संपायचा. त्यात आठ-आठ तास भारनियमन, आणि लाइट गेली की बॅटरी फक्त अकरा मिनिटं. अकरा मिनिटांत अर्धा कप चहा परवडत नाही. म्हणून तू एडिटरच्या आतच सगळं बांधून टाकलंस. आठ नंबरची कळ दाबली की पडदा आडवा दुभंगायचा. वर आपला कोड जसाच्या तसा, खाली निकाल. जमलेल्या टेस्टला एक टिंब, पडलेल्या टेस्टला एक अक्षर. शेवटी इंग्रजीत एक ओळ, किती चालल्या, किती पडल्या. कोडातून नजर हलवायची नाही, हात उचलायचा नाही. हाताने एक फेरा फिरवला आणि कान जवळ नेला, तसंच.

मला ती टिंबं दिसायची नाहीत, इंग्रजी वाचायला वेळ लागायचा. तू एका दुपारी काही न बोलता चार ओळी लिहिल्यास आणि कळ दाबलीस. डब्याच्या पोटातला तो छोटा भोंगा बोलायला लागला. जमली की टिक. पडली की भॉं. पाच फायली, दोन फायलींमध्ये जरासा श्वास. आठ टिक, श्वास, बारा, श्वास, नऊ, दहा, चार. मला ते पाढ्यासारखं पाठ झालं. मोजावं लागायचं नाही. चालत्या जिनचे दात कोण मोजतो?

एकदा आयशाबी जेवणाचा डबा घेऊन वर आली आणि दारातच उभी राहिली. म्हणाली, “इतनी टिकटिक तो घडीवाले के यहां भी नहीं होती. ये मशीन बना रहे के मुर्गी के अंडे गिन रहे?” तू म्हणालास, “भाभी, अंडेच आहेत. एक फुटलं तर भॉं म्हणते.” तिला ते फार आवडलं. अजून ती विचारते, वो अंडेवाला कहां है.

मी काय सांगू तिला?

तुझा,
कय्युम

खुणा अजून काढलेल्या नाहीत.


दिग्रस, ९ मार्च २००८

अनंता,

काल भुरीबाई आली होती. तांड्यावरची, सत्त्याण्णव नंबरची. तू तिला विसरणं शक्य नाही. तुझी कॉलर तिनेच धरली होती.

मी नव्या जिनिंगच्या आवारात मोजमाप करत होतो, कॉम्प्युटर कुठे ठेवायचा, वायर कुठून आणायची. ती फाटकातून सरळ आत आली. “भिया, तोच डबा लावून राह्यला का इथं?” मी म्हटलं, तोच. म्हणाली, “मग माही गाडी मी आदल्या वर्षीच लावून ठेवते, म्हणजे यंदा तरी नंबर लागन.”

आणि हसली. काय हसली. दोन वर्षं मी त्या बाईला बाजारात पाहिलं की गल्ली बदलत होतो.

मग तिने सगळं परत सांगितलं, जसं काही मी तिथे नव्हतोच. खरं म्हणजे मी नव्हतोच, अकरा वाजेपर्यंत. शनिवारी ती रांगेत होती. तिचा नंबर सत्त्याण्णव, तिच्यापुढची गाडी आत गेली आणि केंद्र लवकर बंद झालं. रविवार सुट्टी. ती गाडीखाली झोपली, बैलांना पाणी दुसऱ्याच्या बादलीने पाजलं, जागा सोडली नाही. सोमवारी उघडल्याबरोबर तिचीच पाळी. आणि वामनरावांच्या भोंग्यातून आवाज आला, “नंबर एक. नंबर एक पुढे या.” सोमवारी सकाळी आलेल्या गाडीला मशीनने नव्याने नंबर एक दिला होता, आणि एक हा सत्त्याण्णवच्या आधी येतो. मग दोन. मग तीन. शनिवारच्या छत्तीस गाड्या उभ्या, आणि सकाळी उगवलेले त्यांच्या नाकासमोरून आत. तिची पाळी त्या दिवशी आलीच नाही. संध्याकाळी जागा नाही म्हणून केंद्र आठ दिवसांसाठी बंद झालं. ती भरली गाडी घेऊन तांड्यावर परत गेली. म्हणाली, “लेकरं दोन महिने कापसावर निजली. एवढी गादी जमीनदाराले नसन.”

मी अकराला पोहोचलो तेव्हा लोकांनी तुला घेरलं होतं. भुरीबाईच्या मुठीत तुझी कॉलर होती. ती म्हणत होती, “दाखव ना, तुह्या डब्यात माही गाडी कुठी गेली ते दाखव.” तुझा चष्मा खाली पडला होता, कोणाच्या तरी पायाखाली गेला होता. त्याची एक काडी मी उचलली. ती माझ्या पान्यांच्या पेटीत आहे.

तू बिजलीचं नाव घेऊ शकत होतास. भारनियमनाला शिव्या द्यायला तर ते लोक तयारच होते. तू वजनकाट्याच्या चौथऱ्यावर चढलास आणि म्हणालास, “चूक माझी आहे. कालची गाडी आजच्या आधी, ही तपासणी मी बाजूला ठेवली होती. परत लावायला विसरलो. मशीनची चूक नाही, माझी आहे.” आणि माझ्याकडे पाहिलंस.

मी वामनरावांकडे पाहिलं.

भुरीबाई जाता जाता काय म्हणाली ते सांगण्यासाठी खरं तर हे पत्र आहे. म्हणाली, “त्या चष्मेवाल्याले आणजो. तो नसन तं मी गाडी लावत नाही. माही चूक झाली म्हणणारा मानूस म्या बाजारात तोच एक पाह्यला.”

गौरीताईंना फोन केला होता. त्या म्हणाल्या, तू नाशिकला कुठल्याशा ऑफिसात फॉर्मांवर शिक्के मारतोस. कळफलकाला हात लावत नाहीस. कोणी विचारलं तर म्हणतोस, माझं डोकं गळतं, माझ्या हातात लोकांची कामं देऊ नका. ताई रडवेल्या झाल्या होत्या. मी म्हटलं, ताई, काळजी करू नका, मी पाहतो. फोन ठेवला आणि दिवसभर हातातून पाना पडत राहिला.

तुझं डोकं गळत नाही.

याहून जास्त आज लिहिता येत नाही.

कय्युम


दिग्रस, १५ जून २००८

अनंता,

हे पत्र नव्या जिनिंगच्या ऑफिसात बसून लिहितो आहे. आयशाबीला मराठी वाचता येत नाही, पण माझं तोंड वाचता येतं, म्हणून घरी लिहिलं नाही.

तो सोमवार तुला माहीत आहे. त्याच्या आधीचा गुरुवार आणि शुक्रवार मी सांगतो.

गुरुवारी वामनराव खोलीवर मशीन पाहायला आले होते. तू खाली चहा सांगायला गेलास. त्यांनी मला विचारलं, “सगळं चालते ना?” मी कळ दाबली, ऐकलं, आणि ऐटीत म्हटलं, चालते. त्यांनी विचारलं, “किती तपासण्या आहेत?” मी म्हटलं, मोजल्या नाहीत, ऐकल्या. तू तेवढ्यात वर आलास आणि हसलास. म्हणालास, “कय्युमभाई, कानाने सॉफ्टवेअर चालत नाही. खालची ओळ वाचत जा. चार तर शब्द आहेत.” वामनराव म्हणाले, “फिटरले कायची ओळ? त्याले खडखडाट पाहिजे.” तू परत हसलास.

तू विसरलाही असशील. त्यात विसरण्यासारखंच होतं सगळं. पण मी ते घरी नेलं. रात्रीच्या भाकरीसोबत खाल्लं आणि सकाळी उठलो तेव्हा ते तसंच पोटात होतं. सातवी पास माणसाला कोणी अडाणी म्हटलं तर तो हसतो. त्याला जे एक येतं त्यावर कोणी हसलं तर त्याला हसता येत नाही.

शुक्रवारी मी जुम्याच्या नमाजाला गेलो. तू तारखेची ओळ बदलत होतास. तिसऱ्या फायलीतली ती टेस्ट, कालची गाडी आजच्या आधी, सारखी भॉं करत होती. तू तिच्या ओळींपुढे खुणा लावल्यास, जेवून आल्यावर पाहू म्हणून. लाइट गेली. बॅटरी ओरडायला लागली, तू फाइल जपून ठेवलीस आणि बंद केलंस. हे सगळं मी आलो तेव्हा तूच सांगितलंस. खुणांचं सोडून. तेवढं तुझ्या डोक्यातून गेलं होतं.

चारला लाइट आली. दुसऱ्या दिवशी केंद्रावर मशीन लागणार होतं, म्हणून शेवटचा फेरा. तू कळ दाबलीस.

आठ. बारा. आठ. दहा. चार.

नऊच्या जागी आठ. गिअरचा एक दात तुटला की चाक त्या जागी येऊन जसं जरासं घसरतं, तसं. इतकं स्पष्ट ऐकू आलं की मला वाटलं तुलाही आलं असेल. तू पडद्याकडे पाहत नव्हतास, वायर गुंडाळत होतास. पाठमोराच विचारलंस, “कय्युमभाई, सगळं बरोबर?”

मी म्हटलं, “हाव. सगळं बरोबर.”

झालं. एवढंच आहे. यासाठी तीन पत्रं लागली.

मी काय ठरवलं होतं तेही सांगतो, म्हणजे मला सोडायचं की नाही हे तुला नीट ठरवता येईल. मी ठरवलं होतं की सोमवारी, केंद्र उघडण्याआधी, वामनरावांसमोर चहा पिताना सांगायचं. अनंता, तुझ्या खालच्या ओळीने तुला सांगितलं नाही, फिटरच्या कानाने सांगितलं, एक कमी आहे. तू खुणा काढशील, दुरुस्त करशील, वामनराव पाहत राहतील. शनिवारी तर काही बिघडणार नव्हतं, पहिल्याच दिवशी कालची गाडी कुठून येणार? माझा हिशेब बरोबर होता. फक्त सोमवारी सकाळी आर्णीहून एका जिनिंगचा माणूस धावत आला, रोलर अडकला म्हणून. मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम. अकरा वाजले.

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा समजली, या मार्चात, गौरीताईंशी बोलल्यावर. तू जी ओळ मला वाचायला सांगत होतास ती त्या शुक्रवारी तूही वाचली नाहीस. तिथे लिहिलेलं होतं, बेचाळीस. नुसती मान वळवली असतीस तर दिसलं असतं. तू वळवली नाहीस, कारण तू मला विचारलंस. माझ्या कानावर हसणारा माणूस शेवटच्या फेऱ्याला माझ्याच कानावर विसंबला, आणि मी तेव्हाच खोटं बोललो.

तेव्हा तुझ्या डोक्याचं. ते गळत नाही. विसरायला तर आपण सगळेच विसरतो, म्हणून तर तू त्रेचाळीस तपासण्या लिहिल्या होत्यास, आणि त्यावर एक माणूस ठेवला होतास. यंत्रणा तुझी ठीक होती. माणूस खराब निघाला. शिक्के मारायचे तर मार, पण ही गोष्ट मनात धरून मारू नकोस.

खुणा मी आज काढल्या. तुला न विचारता. कळ दाबली. आठ, बारा, आणि तिसऱ्या फायलीत भॉं. अडीच वर्षं दाबून ठेवलेली भॉं, शेजारच्या खोलीतला मुनीम उठून आला. मग मी खालची ओळ वाचली. बोट ठेवून, एक-एक शब्द. आता येते मला. मान खाली घालून सांगतो, चारच शब्द आहेत.

भुरीबाईला मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं, तंबाखू मळली, आणि म्हणाली, “तं तुही कॉलर धरायची राह्यली म्हण ना.” मी म्हटलं, धर. म्हणाली, “आता हात भरले हायेत. हंगामात धरीन.”

तुझा, जर म्हणता येत असेल तर,
कय्युम


दिग्रस, १९ ऑक्टोबर २००८

अनंता,

तुझं पाकीट मंगळवारी आलं. देवसिंगने सायकलवरूनच ओरडून सांगितलं, अर्ध्या गल्लीला कळलं. मी घरात जाऊन दार लावून उघडलं.

आत पत्र नव्हतं. छापलेला एक कागद, अकरा ओळींचा. दोन वेळा उलटसुलट करून पाहिला. मग चष्मा लावून वाचला तेव्हा कळलं की टेस्ट आहे. नाव इंग्रजी अक्षरांत, पण शब्द आपले, भुरीबाईची गाडी. शनिवारी नंबर घेतला. रांगेतून बाहेर पडली, कारण केंद्र बंद झालं. आठ दिवसांनी परत आली. तिला नवा नंबर न मिळता जुन्याच नंबरावर सगळ्यांच्या आधी पुकारलं पाहिजे.

आणि खाली कोपऱ्यात, पेनाने, तुझ्या त्या मुंगीएवढ्या अक्षरांत: “खालची ओळ वाचा.”

मी कागद घडी करून खिशात ठेवला. आयशाबीने विचारलं, “क्या लिखा?” मी म्हटलं, काम पाठवलं आहे. ती म्हणाली, “चलो. गुस्सेवाला आदमी काम नहीं भेजता.”

दोन बोटांनी टाइप करायला मला तीन दिवस लागले. एका ठिकाणी कंस विसरलो, एका ठिकाणी जागा जास्त सोडली. तू जवळ असतास तर पाठीमागून नुसतं हं म्हणाला असतास. तुझी ती त्रेचाळिसावी मी जूनमध्येच दुरुस्त केली होती, अकरा दिवस लागले. तारखेआधी नंबर पाहत होतं, ते उलटं केलं. तेव्हापासून आठ, बारा, नऊ, दहा, चार. पावसाळ्यात डबा परत घरी आणला, रोज सकाळी एकदा ऐकायचो, चहाच्या आधी. तुझी नवी मी सगळ्यांत शेवटी लावली.

आज सकाळी कळ दाबली. पडदा दुभंगला. आठ. बारा. नऊ. दहा. चार. आणि मग भॉं.

मी मोठ्याने हसलो. आयशाबी ओल्या हाताने बाहेर आली. “अंडा फूटा तो हंस क्यों रहे?”

खालची ओळ वाचली. चव्वेचाळीस चालल्या, एक पडली.

तर तुझं म्हणणं बरोबर आहे. आपलं मशीन दोन दिवस न आलेल्या गाडीचा नंबर रद्द करतं. ते तेव्हाही चूक होतं. आपण दोघांनी मिळून ती चूक घातली होती, आणि तिच्यावर तपासणी नव्हती म्हणून तीन वर्षं कोणाला ऐकू आली नाही. मलाही नाही. जी टेस्ट लिहिलीच नाही तिचा आवाज माझ्या कानालाही येत नाही, हे कबूल.

कुठे दुरुस्त करायचं ते मला दिसतं आहे. दुसऱ्या फायलीत, रद्द करण्याच्या ओळीपाशी. चार दिवस दिले तर मी करीन. पण केलं नाही. पडलेली पडलेलीच ठेवली आहे. नव्या जिनिंगचा मुहूर्त दिवाळीनंतरच्या सोमवारी आहे. भुरीबाईने निरोप पाठवला आहे की गाडी तयार आहे आणि हातही मोकळे आहेत.

नाशिकहून यवतमाळची गाडी सकाळी पोहोचते. तिथून दिग्रसची एसटी साडेसातला सुटते, तुला माहीत आहे, डावीकडे बसशील तर ऊन लागत नाही. चष्म्याची काडी माझ्याकडे आहे, पण ती आता तुझ्या नव्या चष्म्याला बसणार नाही, तेव्हा नवा घालूनच येजो. खुर्च्या दोन मांडल्या आहेत. कळफलकाकडची तुझी.

मुहूर्ताच्या आदल्या दिवशी ये. रविवारी कोणतंच मशीन चालत नाही. आवाज नीट ऐकू येतो.

कय्युमभाई